प्लेटांवरच्या कुरडया

८ नोव्हें.
ऊसतोडीची टोळी गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी ट्रॅक्टरवर न चढता खाली उभी. वस्तीचं सोलार बघायचं काम मिळालं म्हणून राहिले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. हे एकटे, म्हणजे अर्धा. चढताना एवढंच बोलले, "सांभाळ तुज्या प्लेटा." रागच तो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कुलूप लागलेल्या नऊ घरांची बटणं बंद केली.

२ डिसें.
सोलारच्या सोळाही प्लेटा पुसल्या. दिवा लागला की सासूबाई हात जोडतात, आणि लगेच मला ऐकवतात, "पोरगं तिकडं पाचटाच्या कोपीत अंधारात जेवतंय." खोटं कुठंय? भाकरीत खडा लागला की हे माझ्यावर खेकसायचे. ते खेकसणंही आठवतंय. लई आठवण येते. वहीत लिहायला कुणाची चोरी?

११ जाने.
टोळीतल्या सगळ्यांचे फोन येतात. ह्यांचा नाही. मी केला तर उचलत नाहीत.

१२ फेब्रु.
टोळीतल्या धाकट्या दिरांचा निरोप. रविवारी कारखाना बंद, दुपारी हे फोन करणार! उद्या धारूरला, बॅटरीचं पाणी आणायला. मावशीकडे राहून रविवारी सकाळी परत.

रविवार
फोन कालच बंद पडला. मावशी म्हणाली, लाव इथं. म्हटलं घरचं सोलार असताना लोकांच्या घरी कशाला लावू. नडला शहाणपणा.
येऊन बघते तर सगळं बंद. सोळाच्या सोळा प्लेटांवर कुरडया. तीन दिवस!
"खाली धूळ बसती गं. त्याला लई आवडत्यात," सासूबाई म्हणाल्या.
भांडणार होते. तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग त्याही रडल्या.
कुरडया काढल्या, तेव्हा कुठे संध्याकाळी फोन सुरू झाला. मेसेज : ह्यांचे तीन फोन येऊन गेले. उलट लावला तर बंद.

१ मार्च
फोन आला!! "फोन बंद कावून व्हता?" कुरडयांचं सांगितलं. हसले. चार महिन्यांनी ऐकलं ते हसणं.
मग, "हितं कोपीवर एक प्लेट बसंल का?"
"बसंल की."
"मग पुढच्या साली तूच घिऊन ये."
तेवढ्यात रेंज गेली.
सासूबाई, "काय म्हनला?"
"कुरडया ठेवा म्हनले."

१९ मार्च
परवा टोळी येते. आल्या आल्या विचारतील. मी गेले तर इथलं कोण बघणार? सासूबाईंना अजून बटणाला हात लावायची भीती. नाही गेले तर पुन्हा पाच महिने हे तिकडे, मी इकडे.
बॅटरीच्या खोलीत एक जास्तीची प्लेट पडून आहे. आज ती खाली काढली. पुसली.
सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "ते बटन कसं दाबायचं, दाखव बरं मला."