ढोल पुढं जातो

बाबा, तरी मी म्हणतो, चूक एकट्या माझी नव्हती. शाळेत ‘आहे’च्या जागी ‘हाय’ लिहिलं की मास्तर लाल रेघ मारायचे, आणि तुला लिहिता येत नव्हतं म्हणून तूच मला सांगितलंस, धाकट्या बहिणीच्या हळदीला पुढंमागं म्हणायचं गाणं आताच वहीत उतरवून ठेव. नवापूरच्या आपल्या ओट्यावर तू जाळं शिवत बसलेला. एकेक ओळ म्हणतोस, मी ती शुद्ध करून लिहितो. सातवी नापासाला तेवढीच ऐट. मग वाचून दाखवलं, ‘बाय माझी निघाली गो, उंबरा आहे ओला.’ तू सुई खाली ठेवलीस.

“‘आहे’ला तोंड उघडून थांबाया लागतं. तवर ढोल पुढं जातो. दोन अक्षरं शिकलास नि बापाची जीभ धुतलीस?”

आई हसली, शेजारची काकी हसली. तू मला परत कधी गाणं सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. त्याच साली बोईसरच्या कारखान्यात लागलो, तिथं टिकलो नाही, मग इथं मस्कतला. तू गेलास तेव्हाही मी इथंच, इमारतीच्या परांचीवर होतो.

आता धाकटीची हळद आलीय. गाणं फक्त माझ्या वहीत. फोनवर वाचलं तर म्हणाली, “दादा, हा बाबा नाय. हा मास्तर बोलतो.” तेव्हापासून कामावर पाइप बांधता बांधता तुझ्यासारखं म्हणून बघतोय. उंबरा हाय ओला. वारा पडला तरी गो, बाप नाय बसला. एकेक ‘आहे’ काढत गेलो तसा तू सापडत गेलास, मधल्या खोकल्यासकट. बरोबरचा बिहारी विचारतो, शादी किसकी है भाई.

शेवटची ओळ मात्र मी इतकी शुद्ध करून ठेवलेली की तुझी कशी होती ते आठवेचना. चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी माझीच घातली, ‘लांब ऱ्हायला भाऊ तुझा, गाण्यात हाय आला’, आणि सगळं गाणं फोनमध्ये म्हणून तिला पाठवलं. तिचा फोन आला. म्हणाली, शेवटची ओळ तर अगदी बाबाची. मी ढोलवाल्यांचे किती होतात ते विचारलं. ती ओळ माझी, हे फक्त तुला सांगतोय, आणि हा कागद काही कुठं जायचा नाही. सुट्टी मिळाली नाही. ढोलवाल्यांचे तेवढे पाठवतोय, बारा हजार.