साक्ष द्यायची की नाही

१२ जानेवारी, कुंडल

आण्णांचा दहावा. सकाळी सगळे नदीवर. मी मागे बायकांत. डोक्यावर पदर घ्यावा की नको कळेना, शेवटी घेतला.

कावळा शिवेना. भावकीतले एकेक जण पुढे जाऊन बोलून आले. उसाचं बघतो, आईला सांभाळतो, नातीचं लग्न थाटात करतो. कावळे बाभळीवर बसून नुसते बघताहेत. मग चुलते म्हणाले, "आक्काला बलवा. लेकीत जीव आडकलाय त्याचा." धनाजी भडकला. धाकटा भाऊ माझा, पण बोलायला थोरला. "ती कुठली आता आपल्यातली? तिचा द्येव येगळा हाय."

"आरं लेक हाय न्हवं त्येची? द्येवाचं काय मधी?"

यांचं हे चाललेलं असतानाच कावळा आला, भात उचलून गेला. मला काही बोलावंच लागलं नाही. बरं झालं. काय बोलले असते? आण्णा, काळजी करू नका? माझ्या चर्चमध्ये शिकवतात त्याप्रमाणे आता काळजी करण्यासारखं त्यांचंच आहे.

हे लिहिलं आणि हात थांबला. पण खोडत नाही.

१६ जानेवारी, सांगली

काल तेरावा झाला, आज परत. मम्मींनी (सासूबाईंनी) दारातच जवळ घेतलं. चहा आयता हातात. मला रडू आलं, बरं वाटलं. चहा संपायच्या आत विचारलंच.

"शेवटी काही म्हणाले का गं आण्णा? प्रभूचं नाव वगैरे?"

"नाही, मम्मी."

"मनात घेतलं असेल."

"माहीत नाही."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. मी उठून कप विसळला.

विजय रात्री म्हणाले, देव न्यायी आहे, आपण त्याच्यावर सोडून द्यावं. चांगलं आहे. ह्यांच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती, सगळ्यांच्या कबरी एका ओळीत. ह्यांना सोडून द्यायला काय जातंय.

१८ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर मम्मींनी महिला मंडळाची सूचना वाचली. फेब्रुवारीत साताऱ्याला मेळावा, साक्ष देणाऱ्यांत, म्हणजे विश्वासात कशा आलो ते सगळ्यांसमोर सांगणाऱ्यांत, माझं नाव. मला विचारलं नव्हतं. अध्यक्षांच्या सुनेला काय विचारायचं?

साक्ष तीच, नेहमीची. मिरजेचं वसतिगृह. शेजारच्या खाटेवरची मुलगी तापानं गेली. त्याच आठवड्यात एक प्रचारक बाई नरकावर बोलून गेल्या. मला झोप येईना, डोळे मिटले की तिची रिकामी खाट पेटलेली दिसायची. मग गुडघे टेकले. मग बाप्तिस्मा. विजयची ओळख त्यानंतरची, हे मुद्दाम सांगावं लागतं. इतक्यांदा सांगितली आहे की बायका कुठल्या वाक्याला डोळे पुसतात ते पाठ आहे.

खोटी असती तर सोपं होतं. सगळी खरी आहे. मी नरकाच्या भीतीनं ख्रिस्ती झाले. नरक खरा धरला तर आण्णा तिथे आहेत. नाही धरला तर मी इथे काय करते आहे?

मम्मींना म्हटलं, या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगा. त्या म्हणाल्या, "दुःखात तर साक्ष जास्त लागते." विषय संपला. त्यांच्या बाजूनं.

२१ जानेवारी

लॅबमध्ये गर्दी. दोन नमुन्यांची लेबलं उलटी लावली, वेळेत दिसलं म्हणून बरं. सरांनी स्वतःच ती बदलली. तेच जास्त लागलं.

दुपारी डबा खाताना आण्णांचं डिसेंबरातलं आठवत होतं. इथेच सांगलीत दवाखान्यात होते. मम्मींनी चर्चच्या पाळकसाहेबांना पाठवलं. तरुण आहेत, मनानं चांगले. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "आण्णा, इथून पुढं कुठं जाणार, ठाऊक आहे का?"

"हाय की. आमची कुंडलची मानसं गेली तितं. वळखीची लय हाईत."

पाळक हसले. मग हळूच अग्नीचं काढलं. आण्णांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "आवं पास्टर, ह्या खोलीत गारठा लय हाय. जरा ऊब मिळंल."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट मोठ्यानं हसला. मला हसू आलं. बाहेर गेले, उगाच पाण्याची बाटली भरून आणली.

पाळक गेल्यावर आण्णा म्हणाले, "सुमे, तू भिऊन गेलीस तिकडं. ठाऊक हाय मला." मी बाटलीचं झाकण लावत बसले. "त्यात काय लाजायचं? मी भरतीला गेलो त्यो काय देशासाठी? घरात खायाला नव्हतं म्हून गेलतो."

"मग परत का नाही आलात?"

"मागं कशाला येतोय? दोस्त झालतं की तितं."

तेव्हा बरं वाटलं होतं ऐकून. आता वाटत नाही. आण्णा, भरतीला जो गेला नाही त्याला कुणी जाळत नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

धीर करून पाळकसाहेबांना गाठलं. एवढंच विचारलं, नुसत्या भीतीनं ठेवलेला विश्वास चालतो का?

"ताई, घराला आग लागलीय. माणूस दारानं बाहेर आला की खिडकीतून, कोण विचारतं? बाहेर आला ना, झालं. भीती ही सुरुवात आहे. प्रेम मागून येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तुम्हाला आलंय. इतकी वर्षं बघतोय ना आम्ही तुम्हाला."

काय बघतात? दर रविवारी वेळेवर येते, वर्गणी देते, नाताळात करंज्या करते. प्रेम केलं की नाही ते मलाच ठाऊक नाही. चुका धरणाऱ्या, नोंद ठेवणाऱ्या माणसासमोर जसं नीट वागायचं असतं तसं वागत आले. वसतिगृहाच्या मेट्रनबाईंसमोर वागायचे तसंच.

घरी आल्यावर सुचलं काय बोलायला हवं होतं. मी बाहेर आले आणि बाप आत राहिला, तर बाहेर उभी राहून मी गाणी म्हणू? नेहमीचंच. मला सगळं घरी आल्यावर सुचतं.

२९ जानेवारी

रेखाचा फोन. आष्ट्याची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या मेळाव्यात माझी साक्ष ऐकून चर्चला यायला लागली. ईस्टरला बाप्तिस्मा घेणार. घरी सांगितलं, आईनं अबोला धरलाय.

"ताई, मी पक्कं केलंय. तुमची साक्ष ऐकल्यापासून मला नीट झोप नाही बघा. बाप्तिस्मा झाला की थांबंल न्हवं हे?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. माझ्या बाबतीत थांबलं होतं खरं. पण ती आनंदानं झोप न लागल्याचं सांगत होती, जसा काही चांगला रिपोर्ट आलाय. ही झोप मी घालवली आहे. आणि मंडळात सगळ्या म्हणतात, साक्षीला केवढं फळ आलं.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस. ताटली आली, मी न घेता पुढे दिली. प्याला पण. ठरवून नाही. हात पुढे गेलाच नाही. मम्मी शेजारीच. त्यांनी मात्र दोन्ही घेतलं.

रिक्षात विजय हवेबद्दल बोलत होते.

३ फेब्रुवारी

आज मम्मींशी वाजलं. आमचं वाजणं म्हणजे मी काही न बोलणं आणि त्यांनी दुप्पट बोलणं. शेंगा सोलत होतो.

"भोजन सोडलंस. नदीवर पिंडाला गेलीस तेही कळलंय मला. मी काही बोलले का?"

"आता बोलताय की."

"मग बोलू नको? साताऱ्याच्या बायका विचारतील, तुमची सून कुठाय. काय सांगू? बाप मेला म्हणून विश्वास पण मेला?"

शेंगा ठेवल्या आणि म्हटलं, "मम्मी, तुम्हीच सांगा. माझे आण्णा जळतायत का? हो किंवा नाही." आवाज चढला माझा. या घरात पहिल्यांदा.

त्या बराच वेळ टरफलं गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कधी भीती वाटलीच नाही गं. पाळण्यात होते तेव्हापासून चर्चमध्ये. आजी गायची, आई गायची, मी गायले. तू घाबरून आलीस, तर मला वाटायचं हिचाच विश्वास खरा. मी आपली सवयीनं."

"मग हो की नाही?"

"ते माझ्याच्यानं बोलवत नाही."

इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत. हे आज कळलं. राग मात्र गेला नाही. माझ्यासमोर बोलवत नाही, तर मग मंडळात एवढं ठासून कसं बोलता?

१० फेब्रुवारी

आईचा फोन. तोडणीची टोळी आली आहे, धनाजी शेतावरच असतो. आईनं सहज विचारलं, "तुमच्यात आण्णांसाठी काय करत्यात का? वर्सभरात?" नाही म्हटलं. आमच्यात गेल्यावर काही करायचं नसतं, जे काय ते जिवंतपणीच. "आसं व्हय," म्हणाली. वाईट वाटलेलं कळलं. मग कोथिंबिरीचा भाव सांगत बसली.

आज एक प्रयोग केला. उद्या कळलं की नरक नाहीच, तर मी रविवारी जाईन का? खरं उत्तर द्यायचं ठरवलं. वेळ लागला. उत्तर: बहुतेक जाईन. का जाईन ते सांगता येईना. तिथल्या बायका, गाणी, मम्मींच्या शेजारची माझी जागा. हा विश्वास झाला का? आण्णांचे दोस्तच झाले हे. देव यात कुठेय?

१४ फेब्रुवारी, सातारा

मंडळाच्या बायका भाड्याच्या क्रूझरमधून. सगळ्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या. मी जाईन असं शेवटपर्यंत म्हटलं नव्हतं, पण सकाळी साडी नेसून तयार होते. मम्मींनी विचारलं नाही. पुढची सीट दिली फक्त.

चर्च भरलेलं. माझं नाव पुकारलं. वसतिगृह, खाट, प्रचारक बाई, सगळं ठरलेल्या जागी आलं. बायकांचे पदर डोळ्यांना. तिसऱ्या रांगेत रेखा, मान हलवत होती, तिलाही पाठ झालंय. पुढचं वाक्य होतं, "आणि त्या दिवसापासून माझी भीती गेली." ते तोंडातून निघेना.

जे बोलले ते आठवेल तसं लिहिते. माझे वडील गेल्या महिन्यात वारले. त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मी इथे भिऊन आले, स्वतःला वाचवायला आले. ते त्या वेळी पुरलं. आता पुरत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्यावर प्रेम कसं करायचं ते मला अजून जमलेलं नाही. जमलंय असं मी दरवर्षी इथे सांगत होते.

आणि बसले. आमेन म्हणायचं राहिलं. कुणीतरी घाईनं गाणं सुरू केलं, सूर फार वरचा लागला, निम्म्या बायकांना पेलला नाही.

चहाच्या वेळी लोक मला वळसा घालून जात होते. कोरेगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या आल्या. "माजा भाऊ बी तसाच गेला. कुनाला बोलले न्हाई अजून." माझ्या बशीत दोन बिस्किटं ठेवून गेल्या.

मग रेखा. चेहरा पांढरा.

"ताई, मग मी ईस्टरला घेऊ का नको?"

"मला विचारू नकोस गं."

"तुमाला नको तर कुनाला विचारू? तुमच्यामुळंच आले न्हवं मी?"

बरोबर होतं तिचं. तेवढ्यात क्रूझरवाल्यानं हॉर्न दिला आणि मी चक्क सुटल्यासारखी निघाले. लाज वाटते.

येताना मम्मी पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होत्या. कराडच्या पुढे एकदाच बोलल्या, "काच लाव, वारं लागतंय."

१८ फेब्रुवारी

पाळकसाहेब घरी आले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, शंका प्रत्येकाला येतात, पण व्यासपीठावर जपून. नव्या लोकांचं नुकसान होतं. रेखानं बाप्तिस्मा पुढे ढकलायला सांगितलंय.

"तिला काही झालं मधल्या काळात, तर?" त्यांनी विचारलं.

पुन्हा तेच. घाबरवायला आले नव्हते ते, त्यांना खरंच काळजी आहे. आणि मी खरंच घाबरले. इतकं सगळं बोलून झाल्यावरही, पूर्वीसारखीच. म्हणजे गेलेली नाहीच भीती. मग शनिवारी मी काय बोलले ते?

२१ फेब्रुवारी

रेखाचा मेसेज. "ताई मी थांबलेय. रागावू नका. आई बोलायला लागली. झोप पण लागते आता. पण चर्चला आल्याशिवाय करमत नाही, उद्या येऊ का?"

चार वेळा वाचला. ये, असं लिहिलं. याहून जास्त लिहायला घेतलं आणि पुसलं. तिचं मी बरं केलं की वाटोळं केलं, कोण सांगेल?

२२ फेब्रुवारी, रविवार

रेखा आली होती. माझ्याजवळ न बसता मागे बसली. गायली मात्र मोठ्यानं.

दुपारी जेवायला बसलो. प्रार्थना नेहमी विजय करतात. आज मम्मी म्हणाल्या, "सुमन करेल." परीक्षा घेताहेत असं वाटलं, चीड आली. डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, घरातल्यांची नावं घेतली, कुंडलच्या आईचं, धनाजीचं. आणि त्याच ओघात आण्णांचं नाव आलं. मेलेल्यांसाठी आमच्यात मागत नाहीत. ताटावर विजयची अंगठी वाजली. मी नाव मागे घेतलं नाही. पण त्यांच्यासाठी मागायचं काय, ते पुढे सुचेना. "आण्णांना" म्हणून तिथेच अडकले. वाक्य पुढे जाईना, सोडवेनाही.

शेवटी मम्मींनीच आमेन म्हटलं. का म्हटलं ते विचारलं नाही. भाकरी गार होत होती म्हणूनही असेल.