आंब्याखालची खाट

खिडकीची कडी लावतेय, आई, आणि मागून मावशी ओरडते आहे, "कोंडून मारतेस का पोरीला? हवा तरी येऊ दे गो!" मी दुसरी खिडकीही लावते. बाहेर आकाश इतकं निळं की भिवंडीचं वाटत नाही. मानकोलीकडे जाणारा रस्ता उन्हात पांढरा पडलाय, ट्रक सावली धरून उभे आहेत, धुराचा मागमूस नाही. अशाच दुपारी तुझ्या नातीची छाती वाजायला लागते. तू तिला पाहिलेलं नाहीस. खोकताना ती एक हात भिंतीला लावते, तू लावायचीस तसा. तिला हे कुणी शिकवलं नाही.

मावशी तिला उद्या वज्रेश्वरीला, आपल्या घरी, न्यायला आली आहे, मे महिना संपेपर्यंत. "तुझ्या आयेला नेली व्हती ना? शेवटचे दिस मोकल्या हवेत गेले तिचे."

मला ते दिवस आठवतात. तू यंत्रमागाच्या सुताच्या कांड्या भरायचं काम सोडलं होतंस. लूमचा कापूस छातीत बसलाय असं सगळे म्हणायचे, तूही. मावशीच्या अंगणात आंब्याखाली तुझी खाट. सकाळी तू बरी असतेस, मावशीची थट्टा करतेस. ऊन चढतं, समुद्राकडचा वारा सुटतो, आणि तू उठून बसतेस. तोंड उघडं, आवाज नाही. आजूबाजूला सगळं स्वच्छ, दूरचा डोंगरही हाताला लागेल असा. मग तू भिंत धरत आत जातेस आणि स्वयंपाकघरात माठाशेजारी काळोखात बसतेस. "इथं बरं वाटतं," म्हणतेस. मावशी हसते. "नवी नवरी हायेस काय लपून बसायला? चल भायेर!" आम्ही दोघी तुला धरून पुन्हा खाटेवर आणतो. तू आमच्याकडे बघत नाहीस, आंब्याकडे बघतेस. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

परवा डॉक्टरांना विचारलं, धूर नसतो नेमकं तेव्हाच हिला का होतं. ते म्हणाले, "सकाळभर ट्रकचा धूर असतो, कारखान्यांतून रंगाच्या, रसायनांच्या वाफा निघतात. कडक उन्हात त्यांच्यातून ओझोन तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपल्याला वाचवतो, जमिनीवरचा छाती जाळतो. तो दिसत नाही. दुपारी हिला दारं लावून घरात ठेवा."

"आणि वज्रेश्वरीला पाठवलं तर?"

"दुपारचा वारा इथून तिकडेच जातो. रस्त्याजवळ ट्रकचा ताजा धूर त्यातला थोडा ओझोन खाऊन तरी टाकतो. तिकडे खाणारं कुणी नाही."

उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मला ते अंगण दिसतं. आम्ही तुला इथून सोडवून नेलं, आणि इथलंच काहीतरी आवाज न करता आपल्या मागोमाग येऊन आंब्याखाली बसलं.

तेव्हा इतके ट्रक नव्हते. गोदामं नुकती उठत होती. तुझ्या छातीत खरंच कापूसच असेल. ते आता कळणार नाही. मुलीला मात्र मी पाठवणार नाही, आणि का ते मावशीला सांगता येत नाही. तुझ्यासाठी काही केलं असं तिच्याजवळ तेवढंच आहे, ती खाट.

"खरं सांग," ती विचारते आहे, "माझ्या घरात काय खोट हाय?"

"काही नाही गं. मुलीवाचून मला करमत नाही."

"मग तू पन चल."

मी भांडी घासायला घेते. तुला लिहितेय तो हा कागद तिच्या हाती लागू देणार नाही. तिला वाचता येतं. आणि तुला म्हणून सांगते, तू असतीस तरी तुलाही मी यातलं काही सांगितलं नसतं.

सकाळी मावशी एकटीच एसटीत बसली. खिडकीतून तिने मुलीला हात केला, मला नाही.