गार कोपरा

राजाजीनगर, बेंगळूर
१६ डिसेंबर १९९३

चि. सुमंतास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तेरावे आटोपून तू धारवाडला सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. सुप्रीताही जोधपूरला परतली. जावयांची येलहंक्याहून बदली झाली तेव्हा ती नात भव्याचे कासव आमच्याकडे ठेवून गेली होती. आताही नेले नाही. आगगाडीत कासव कुठे सांभाळू, म्हणाली. तेव्हा घरात मी आणि टोपण.

टोपणसाठीच लिहिते आहे. यंदा थंडी स्वल्प जास्तच आहे. ते खात नाही. नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडे ठेवून श्वास घेते. तू जन्मभर कॉलेजात प्राणी शिकवलेस. काय करू ते लगेच कळव, आणि हलक्याने घेऊ नकोस.

का, ते सांगते. तू हसशील म्हणून तेव्हा बोलले नाही. ह्यांना नेल्यावर त्या रात्री, जिथे ह्यांचा जीव गेला तिथे, रिवाजाप्रमाणे मी पीठ पसरले, मधोमध दिवा ठेवला आणि वर वेताची बुट्टी पालथी घातली. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला त्याची खूण पिठावर उमटते, हे आपण आजीकडून ऐकलेले. सकाळी बुट्टी उचलली. पिठावर कासवाची पावले होती. दिव्यापासून निघून कडेपर्यंत आलेली. आत गेलेले एकही पाऊल नव्हते. टोपणला मी रात्री मोरीत कोंडले होते, बाहेरून कडी होती. कडी काढून पाहिले तर त्याच्या पायांना पीठ.

कुणी उठायच्या आत मी पीठ गोळा करून झाडाखाली घातले.

लोभ आहेच. उत्तर त्याच्याही आधी येऊ दे.

तुझी
अक्का


धारवाड
२१ डिसेंबर १९९३

ती. गं. भा. अक्कास सुमंतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आधी कासव. थंडीने त्याच्या छातीत सर्दी उतरली आहे. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून मिळेल तेवढीच. जनावरांच्या डॉक्टरांना दाखव, पण औषध लागू पडायलाही ऊब लागते. तीन हात लांब लाकडी खोके घे. एका टोकाला वरून साठचा बल्ब सोड, पाठीपासून हातभर उंच. खालून शेकू नकोस, पोट भाजले तरी कासवाला कळत नाही. भिंतीवर टांगायचा थर्मामीटर आत ठेव. बल्बखाली बत्तीस अंश भरले पाहिजेत. एरवी रात्री अंधार हवा, पण बरे होईपर्यंत बल्ब रात्रंदिवस चालू राहू दे.

दुसरे टोक मात्र गार ठेव. ऊब नकोशी झाली की त्याला बाजूला होता आले पाहिजे. गार कोपरा नसला तर कासव दिव्याखालीच भाजून मरते. सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात ने. कवचाला जे ऊन लागते ते बल्बातून मिळत नाही, खिडकीच्या काचेतूनही येत नाही.

आता पीठ. त्या दिवशी घरात चाळीस माणसे होती. कडी कुणीही काढली असेल, लावली असेल. कासव दिव्याच्या उबेला गेले. तू तीन रात्री जागी होतीस. आत जाणारी पावले तुला दिसली नाहीत, एवढेच.

रात्रंदिवस बल्ब असे लिहिताना भावजी आठवले. मी शिकायला तुमच्याकडे होतो तेव्हा जास्तीचा दिवा दिसला की ते हाक मारत नसत. अंगठी खाटेच्या कठड्यावर वाजवायचे. दोनदा, थांबून एकदा. परीक्षेच्या दिवसांतही मी पुस्तक उघडे टाकून दिवा मालवायचो. तू तर तव्यावर पोळी सोडून धावायचीस. बिल पाहून त्यांनी टोपणला मोरीतच मुक्काम दिला असता.

धाकट्यावर माया असू दे, तीही रात्रंदिवस.

तुझा
सुमंत


राजाजीनगर, बेंगळूर
२ जानेवारी १९९४

चि. सुमंतास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर गं. भा. लिहू नकोस. सौ. लिही.

तू सांगितलेस तसे सगळे केले. चिकपेटेत जाऊन चिनी मातीचा होल्डर, वायर आणि बल्ब आणले. दुकानदाराने कन्नडमध्ये विचारले, अक्का, कोंबडीची पिल्ले किती आहेत? मी म्हटले, एकच आहे, वय अडुसष्ट. तो मान डोलवत सरी म्हणाला आणि बल्ब पेटवून दाखवला.

खोके ह्यांच्या खाटेच्या जागी ठेवले आहे. डॉक्टरांनी सुई दिली. नाक सुकत आले. काल जास्वंदीचे एक फूल खाल्ले. केर काढायला येणारी यल्लव्वा आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही. म्हणते, अम्मा, आत मोठे अय्या जागे आहेत. मी तिला वेडी म्हटले नाही.

बल्ब लावला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खोक्यातून वाजते. दोनदा, थांबून एकदा. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातून धावत गेले, हात स्विचवर ठेवला. तेव्हा तुझे पत्र आठवले. हात मागे घेतला. अडतीस वर्षांत असे कधी केले नव्हते. करंट गेला की वाजायचे थांबते. करंट आला की पुन्हा.

सुमंता, दिवा मालवला तर ते जातील. नाही मालवला तर त्यांचा शब्द मोडला असे होईल. मी काय करू?

लोभ ठेव, आणि या वेळी शहाणपण थोडे कमी ठेव.

अक्का


धारवाड
७ जानेवारी १९९४

ती. गं. भा. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझी आज्ञा मोडून तेच लिहिले आहे. रागव, पण पाकीट पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, आणि मी खोटे लिहू शकत नाही.

खोक्याच्या फळ्यांत फटी असतील. पलीकडचे दिसले की कासव तिकडे धडका देत राहते. भिंत आहे हे त्याला समजत नाही. आतून जाड खाकी कागद लाव, वाजणे थांबेल. दोनदा आणि एकदा हे तुझ्या कानातले आहे. घरात इतकी वर्षे जे ऐकले ते कान इतक्यात विसरत नाहीत.

शब्द मोडण्याचा प्रश्न नाही, अक्का. सांगणारा माणूस आता नाही. बल्ब मालवू नकोस. तुला माझी शपथ. एवढ्यात मालवलास तर कासव हातचे जाईल.

संक्रांतीला येतो. खोकेही बघतो आणि तुलाही. तिळगूळ करून ठेव, लोभाचे आपण समोरासमोर बोलू.

सुमंत


धारवाड
२ मार्च १९९४

ती. अक्कास नमस्कार.

संक्रांतीहून परतल्यावर दीड महिना लिहिले नाही. आता लिहिले पाहिजे.

त्या दुपारी तू आत तीळ भाजत होतीस. मी खोक्याजवळ वाचत बसलो होतो. कागद मीच लावला होता, एकही फट उरली नव्हती. टोपण बल्बखाली झोपले होते. मान आत, पाय आत. मी ते पाहत असतानाच वाजले. ते हलले नाही. पुन्हा वाजले. दोनदा, थांबून एकदा. मला काही समजायच्या आत माझ्या हाताने बल्ब मालवला होता. विद्यार्थी असताना मालवायचो तसा. खोली शांत झाली. मग तू दारात आलीस, माझ्याकडे पाहिलेस आणि बल्ब लावलास. जेवताना तू मला जास्त वाढलेस.

मी ज्या गोष्टी शिकवल्या त्यांत हे बसत नाही. बसवायचाही प्रयत्न आता करत नाही. पण कासवाचे तेवढे नक्की सांगतो. ते बरे झाले आहे. उन्हाळा लागला, बंद खोलीत बल्ब ठेवलास तर त्याला सोसणार नाही. सुप्रीता लिहिते की तू खिडक्याही उघडत नाहीस आणि निजतेसही तिथेच.

माझी शपथ मी मागे घेतो. दिवा मालव, अक्का. कासव मी येऊन धारवाडला नेतो, अंगणात सोडतो. आणि भावजी असतील, तर ते जायला मागत आहेत. इतके स्पष्ट त्यांनी जन्मात काही मागितले नव्हते.

लोभ आहे म्हणून लिहिले. लोभ असेल तर ऐक.

सुमंत


राजाजीनगर, बेंगळूर
९ मार्च १९९४

चि. सुमंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तू ऐकलेस, हे बरे झाले. आता मला एकटीला ऐकू येते असे कुणी म्हणणार नाही. कासव न्यायला येऊ नकोस. नुसता ये.

तुला एक ठाऊक नाही. शेवटच्या रात्रीही ह्यांनी कठडा वाजवला होता. डॉक्टर बजावून गेले होते की दिवा असू दे, रात्रभर चेहऱ्यावर लक्ष ठेवा. पण दोनदा आणि एकदा वाजले, आणि मी उठून दिवा मालवला. विचार केला नाही. मग त्या अंधारात माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, काय काय झाले ते मला कळले नाही. उजाडल्यावर कळले.

म्हणून आता नाही मालवणार. तुझी शपथ तू खुशाल मागे घे. माझी मी घेतलेली आहे.

तू लिहिले होतेस, एक कोपरा गार हवा, नकोसे झाले की बाजूला होता आले पाहिजे. मी तो ठेवला होता. पण गेले काही दिवस हे बल्बखाली थांबतच नाहीत. तिकडे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, अंधारात तोंड घालून बसतात. तिथे मला चेहरा दिसत नाही. काल पुन्हा चिकपेटेत गेले आणि आणखी एक होल्डर घेऊन आले. दुकानदार म्हणाला, पिल्ले वाढली वाटते. मी सरी म्हटले. आता तो कोपराही उजेडात आहे.

वाजते अजून. आवाज बारीक झाला आहे. मधले थांबणे लांबले आहे, एकदाच्या आधी पुष्कळ वाट पाहावी लागते. मी ऐकते. माझा हात आता स्विचकडे जात नाही.

हे पत्र खोक्यापाशीच बसून लिहिते आहे. वेगळा दिवा लावावा लागत नाही. तेवढी बचत ह्यांना बरी वाटेल.

पाकिटावर काय लिहायचे ते तुला सांगितले आहे. तेवढे लिहिलेस की लोभ पोचला असे समजेन.

तुझी
सौ. अनुसूया