सहीखालची तारीख

प्रिय प्रोमिला,

बर्फाने खिंड बंद होण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून तुझ्या पांगीच्या खोऱ्यात येणाऱ्या शेवटच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. माझ्या पीएला, खेमचंदला, यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक झालं तर तो पत्र दाराबाहेर जाऊ देणार नाही.

तुझा बाप बेलीराम नसता तर मी आमदार झालो नसतो. रोडवेजच्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता तो माझा प्रचार करायचा. "बसायला जागा नाही? मनसारामला मत दे, तो मोठी बस आणेल!" मोठी बस काही आली नाही. पण एकशेबारा मतांनी निवडून आलो तेव्हा त्या काटकुळ्या माणसाने मला खांद्यावर उचललं आणि आम्ही दोघं शेणात पडलो. तीन वेळा निवडून आलो, मंत्री एकदाही झालो नाही. सभागृहात दहा-बारा वेळा तोंड उघडलं असेल. बाकी सगळा जन्म लग्नांच्या धामीत पंगतीला बसून मदरा-भात खाण्यात, मयतांना खांदा देण्यात आणि बदल्यांच्या शिफारशी लिहिण्यात गेला. आमच्या डोंगरात आमदाराची पत भाषणावर नाही, बदलीवर ठरते.

आता तुला एक सांगतो, जे बायकोलाही सांगितलेलं नाही. शिफारस सगळ्यांनाच देतो, नाही म्हणायची सोय नसते. मजकूर तोच, शिक्का तोच. पण ज्याचं काम खरोखर व्हायला हवं, त्याच्या पत्रावर सहीखाली मी स्वतःच्या हाताने तारीख घालतो. वरच्या कचेरीतल्या माणसाला हे माहीत आहे. तारीख नसेल तर तो पत्र फायलीला लावतो आणि विसरतो. माणूस मात्र पत्राची प्रत कपाळाला लावून घरी जातो.

तुझा बाप तुझ्या बदलीसाठी तीनदा आला. पहिल्यांदा गावाजवळच्या शाळेत एकच जागा होती, ती मी तालुका अध्यक्षाच्या सुनेला दिली. तो माणूस रुसला असता तर दोन पंचायती हातच्या गेल्या असत्या. दुसऱ्या खेपेला बेलीला धाप लागत होती. "मनसेया, एकटा आहे रे, रात्री पाणी द्यायला कुणी नाही. पोरीला खिंडीच्या अलीकडे आण." तिसऱ्यांदा तर जिना चढवेना, खेमचंद पत्र खाली घेऊन गेला. तिन्ही पत्रांवर माझी सही होती, तारीख एकावरही नव्हती. का, म्हणून विचारशील. पोरी, जो सोडून जाऊ शकतो त्याचं काम आधी होतं. बेली कुठे जाणार होता? तो आपला होता. आपल्याचं काम थांबलं तरी चालतं, असं आमच्या धंद्यात धरूनच चालतात.

माघात तो गेला. तुला निरोप पोहोचला, पण खिंड बर्फाने बंद आणि हेलिकॉप्टर सहा दिवस उडालं नाही. अग्नी मी दिला. लोक म्हणाले, "भाऊ असावा तर असा." मी मान खाली घातली, तर तेही त्यांना दुःखच वाटलं. त्याच्या खाटेच्या उशाला एक प्लास्टिकची पिशवी होती. तिन्ही पत्रांच्या प्रती तिच्यात नीट घडी घालून ठेवल्या होत्या. मी ती पिशवी उचलून आणली. तुझ्यासाठी नाही, कुणी बघू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. "चाचा, तुम्ही तीनदा प्रयत्न केलात, नशिबातच नव्हतं. बाबांना लेकाची उणीव तुम्ही भासू दिली नाहीत." मी ते दोनदा वाचलं आणि टेबलावरच राहू दिलं. तिथून ते खेमचंदने उचललं. निवडणुकीला तीन आठवडे आहेत आणि यंदा मी पडतो आहे, हे त्यालाही दिसतं. आता एका बाजूला चितेपाशी उभा असलेला मी आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या अक्षरातलं पत्र, अशी वीस हजार पत्रकं छापून आली आहेत. उद्या सकाळी ती गावोगाव वाटली जातील. माझ्या एका शब्दाने ते थांबेल. सकाळपासून तो शब्द तोंडाशी येतो आहे आणि मी खेमचंदला चहाच मागतो आहे. तो शब्द मी उच्चारणार नाही, प्रोमिला. तुझ्या हाती पत्रक पडेल तेव्हा तुला निदान हे ठाऊक असावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी नसलेला,
मनसाराम चाचा