नववी अ ची पेटी

८ जानेवारी
लहानपणी रविवारी दुपारी वसतिगृहाच्या पायरीवर बसून आम्ही दोघी बहिणी कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो. ओला खडू आणि जुन्या फ्रॉकची चिंधी. दोघींचे डावे बूट चंदा करायची, उजवे मी. तिचा हात चांगला, त्यामुळे सोमवारी प्रार्थनेला दोघींचाही डावा पाय उजव्यापेक्षा उजळ दिसायचा आणि सिस्टर हसू दाबायच्या.

चंदाला जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल. नागपूरचं घर खायला उठतं. म्हणून साठी उलटल्यावर भिलाईतल्या एका शाळेत तीन महिन्यांची बदली नोकरी घेतली. तिथल्याच रुआबांधा वस्तीत मथुराताईंकडे दोन छान खोल्या मिळाल्या. त्यांची मुलगी मोनाली माझ्याच वर्गात, नववी अ मध्ये. मथुराताईंनी आल्या आल्या ताट वाढलं आणि बजावलं, आमच्याकडे लाजणारे उपाशी राहतात. त्यांचे सासरे मारोतराव शहाऐंशीचे, कारखान्यातून निवृत्त. गाव कुठलं विचारलं तर म्हणाले, "भंडाऱ्याकडलं. नाव मलेच माहीत नाही, मॅडम. तुमाले सापडलं तं सांगजा." सगळे हसले. मीही.

१५ जानेवारी
वर्गात एक कादंबरी वाचतो आहोत. खेड्यातली मुलगी पत्र्याची पेटी घेऊन गिरणीच्या शहरात येते आणि मोठी होते, एवढीच गोष्ट. प्रकल्प म्हणून तेच ते तक्ते नकोत, असं ठरवलं. मोठं होताना आपण मागे टाकलेली एक गोष्ट प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची आणि त्या मुलीच्या पेटीत टाकायची. मोनालीने माळ्यावरची आजोबांची हिरवी पत्र्याची पेटी आणली. ते झोपले असताना उतरवली म्हणे.

चौतीस चिठ्ठ्या. गुण द्यायचे म्हणून सगळ्या इथे मागच्या पानावर उतरवल्या आहेत. रोशनने लिहिलं, "घरची मराठी." मुलं त्याला "ए मले-तुले" म्हणून चिडवतात. मोनालीने, "चटक्याची भीती." नीतूने, "आईचा पदर धरून चालणं." किती गोड. मुलांना धीर यावा म्हणून मीही एक टाकली: "चंदाचं दुःख." आता पुरे, असं वाटलं.

१७ जानेवारी
गाढ झोप लागते आहे. सकाळचा चहा एकटीने घेताना डोळे भरून आले नाहीत. वर्षात पहिल्यांदा.

२२ जानेवारी
मोनाली पोळ्या करत होती. पोळी उलटताना तळहात तव्यावर टेकला आणि तिने तो उचललाच नाही. मथुराताई ओरडल्या, "नाटकं कावून करून राहिली!" मग वास आला. मोनाली आपल्या हाताकडे शांतपणे पाहत होती, दुसऱ्याचा असावा तसा.

२४ जानेवारी
रोशनची आजी रुक्माबाई कॅम्प-१ वस्तीतून शाळेत आल्या. रडत होत्या. "पोट्टं माह्याकडं पाहून राहिलं, पण मी काय म्हणून राहिली ते त्याले समजूनच नाही राहिलं." रोशन शेजारीच उभा होता. त्याने मला हिंदीत विचारलं, दादी काय म्हणते आहे? तो खोटं बोलत नव्हता.

मग त्यांना कोपऱ्यातली पेटी दिसली आणि त्या खाली बसल्या. बसूनच सगळं सांगितलं. मारोतराव त्यांच्याच गावचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा सगळे सोबत आले. जेवायला बसलं की मारोतराव गाव आठवून रडत. एकदा त्यांनी कागदावर "गावाची ओढ" लिहून कागद या पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी रडणं थांबलं. महिन्याभराने गावाकडून तार आली, आई गेली. तेव्हा ते म्हणाले, "कोणाची माय?"

२५ जानेवारी
पेटी उघडली. आमच्या पस्तीस चिठ्ठ्या आणि तळाशी एक जुना पिवळा कागद. सगळं कोरं. शाईचा ठिपकासुद्धा नाही.

२७ जानेवारी
काल झेंडावंदनानंतर नीतूची आई फाटकाशी हाका मारत होती. नीतू तिच्या समोरून निघून गेली. संध्याकाळी हुडको वसाहतीत एका दुकानाच्या पायरीवर सापडली. कोणाची वाट बघते आहेस विचारलं तर तिला सांगता येईना.
हे मी केलं. चौतीस मुलं. मी.

२९ जानेवारी
पर्समध्ये एक फोटो आहे. दोन मुली, पायरीवर. एक मी. दुसरी या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मला बहीण होती असं तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. वाचून काहीच दुखलं नाही.
काहीच नाही —

३० जानेवारी
लिहिलेलं जातं ना? मग मुलांचं विसरणंच जाऊ दे. चिठ्ठीवर लिहिलं, "नववी अ चं विसरणं." टाकली. झाकण लावलं. देवा, एवढं कर.

३१ जानेवारी
सकाळी मोनालीचा पट्टी बांधलेला हात पुन्हा गॅसपाशी. काहीही परत आलं नाही.
हजेरी घेताना नावं वाचली, चेहरे जुळेनात. रुक्माबाई आल्या होत्या. मी काय केलं ते ऐकून डोक्याला हात लावला. "पेटी लिवणाऱ्याचंच घेते, बाई. दुसऱ्याचं तुमी कसं टाकान?"
म्हणजे गेलं ते माझं. मुलांनी काय गमावलं हे फक्त मला ठाऊक होतं. आता तेच —
चिठ्ठ्या उतरवलेलं मागचं पान फिकट होत चाललं आहे.

१ फेब्रुवारी
घाई. वाचता येतं तेवढं.
ही वही रुक्माबाईंना द्यावी. त्यांना वाचून दाखवावी.
मराठी रोशनची. आजीने त्याच्याशी रोज बोलावं, कळलं नाही तरी. बाळाशी बोलतात तसं.
चटक्याची भीती या घरातल्या मुलीची. हाताला पट्टी आहे ती. तिला चुलीपाशी एकटी सोडू नका.
पदर — आईचा पदर — दोन वेण्यांची मुलगी, नाव न — तिच्या आईने तिचा हात धरून चालावं, ती सोडवून घेईल, तरी —
पुढची चिठ्ठी खिडकीशी बसणाऱ्या मुलाची. त्याला द्यायचं त्याचं