वहिनीला दिलेली ट्यूब

२ फेब्रु.
मुरुमांचं जेल सुरू करून सात आठवडे. पहिले तीन आठवडे वर्गातली पोरं विचारायची, "मॅडम, तोंड का सोललं?" आता मुरुमं बसलीत. हनुवटीवर दोन चिवट उरलीत. एक दिवसाआड, वाटाण्याएवढं, वर मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, स्कूटीवर स्कार्फ. जळगावच्या उन्हात ही दुसरी नोकरीच. जेल लिहून देणाऱ्या डॉ. बाईंवरचा राग मात्र गेलेला नाही. चेहरा नीट बघायच्या आधी विचारलं, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर लगेच लिहायला लागल्या. मुरुमांच्या दवाखान्यातही तेच.

५ फेब्रु.
दादाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, वहिनीने आज पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "ताई, माले बी द्या ना. चेहरा कितला मऊ व्हयना तुमना." दुसरी ट्यूब फोडलेली नव्हती, दिली. नियमही सांगितले, अगदी डॉ. बाईंच्या थाटात. खोकं, आतल्या माहितीच्या कागदासकट, माझ्याकडेच राहिलं. बरं वाटलं, उगाच का नाकारायचं.

११ फेब्रु.
वहिनीने रोज लावलं, तेही भरपूर. गाल लालभडक, नाकाशेजारी पापुद्रे. "भलती आग व्हस, ताई." झापलं तिला. चार दिवस बंद, नुसतं मॉइश्चरायझर, मग एक दिवसाआड. मध्येच सोडायचं नाही, हेही बजावलं. आईला वाटतंय तिखट उडालं. आम्ही दोघींनी तसंच वाटू दिलं.

६ मार्च
वहिनीला दिवस गेलेत. दीड महिना झाला म्हणे. आईने देवापुढे साखर ठेवली आणि कुणाजवळ बोलायचं नाही अशी ताकीद दिली. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा वहिनी धुळ्याला माहेरी गेली ती दोन महिने आलीच नाही. दादा आज विनाकारण हसतोय. मीही हसले.
मग खोलीत आल्यावर काय सुचलं कुणास ठाऊक, खोक्यातला कागद उलगडला. गरोदरपणात वापरू नये. म्हणून विचारलं होतं बाईंनी लग्नाचं. मी आपली चिडत बसले.

७ मार्च
सांगायला दोनदा स्वयंपाकघरात गेले. दोनदा पाणी पिऊन परत.
तिसऱ्यांदा विचारलं, जेल कधी लावलं होतं?
"काल बी लावं. तुम्हीच सांगं व्हतं ना, सोडू नका."
मग एका दमात सगळं सांगितलं. ती फरशीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "मागला टाइमले बी बठ्ठा मालेच बोलनात." खरंच, तेव्हाही सगळे तिलाच बोलले होते.
मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. बहुतेक नाही.

९ मार्च
बाळंतपणाचा दवाखाना. आई, दादा, वहिनी, मी. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध, मलम चालू होतं का? मी बोलणार एवढ्यात वहिनी म्हणाली, "चेहऱ्याला जेल लावत होते. मेडिकलमधून मीच आणलं."
डॉक्टर म्हणाल्या, आता बंद म्हणजे बंद. त्वचेतून आत फार थोडं जातं, बहुधा काही होणार नाही. सोनोग्राफीत बघू. त्या शांत होत्या. आई नव्हती. बाहेर आल्याबरोबर तिने वहिनीला धारेवर धरलं. "एक घालवलंस तरी अक्कल आली नाही." दादा गाडी काढायला गेला तो गेलाच. मी वहिनीची पर्स धरून उभी. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

१२ मार्च
आई वहिनीशी बोलत नाही. सोनोग्राफी मंगळवारी. मला जेवण जात नाही. माझाही चेहरा आठवडाभर तसाच, ट्यूबला हात लावलेला नाही.
दुपारी आई माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "तू बघ कशी, डॉक्टरला विचारून सगळं करतेस. तिला जरा शिकव."
वहिनी समोरच भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली, पुढचा गोळा घेतला.
मी हो म्हणाले.